वाटीतले कान

माझी मतं माझी स्वतःची आहेत, असं मी सत्तरी उलटेपर्यंत मानत होतो. आता नक्की ठाऊक आहे की माझं स्वतःचं म्हणावं असं फार थोडं निघालं. जे निघालं ते ज्याच्यामुळे निघालं, त्याचे आभार मानायला हे लिहितो आहे.

मी भूपाल मगदूम, राहणार इचलकरंजी. तेहतीस वर्षं मागाच्या कारखान्यांत जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. त्या खडखडाटात कान गेले. त्यात विशेष काही नाही, आमच्या गावात माझ्या वयाच्या निम्म्या लोकांचे गेले आहेत. कारखान्यात शेजारचा काय म्हणतो ते कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून समोरच्याचे ओठ हलले की मान डोलवायची आणि ‘व्हय व्हय’ म्हणायचं. कामाचं असेल तर तो हातानं खूण करतोच. कारखाना सुटला, पण ही सवय सुटली नाही. माझी बायको त्रिशला म्हणते की आमचा संसार या ‘व्हय’वरच टिकला.

दुसरी सवय पेपरात वाचकांची पत्रं लिहायची. दिल्लीत सरकार कुणाचंही असो, मी त्याला चार शब्द सुनावलेले आहेत. टीव्हीवरच्या चर्चा, मोबाइलनं बिघडलेली पिढी, यंत्रांनी खाल्लेल्या नोकऱ्या, आणि सगळ्यात जास्त बाहेरून आलेली माणसं. दोनशे अकरा पत्रं छापून आली. त्रिशलानं एकेक कात्रण घरच्या खळीनं वहीत चिकटवलं आहे. ती स्वतः ती वाचत नसे, पण चिकटवायची मात्र अगदी सरळ.

तीन वर्षांपूर्वी रहिवास कायदा आला. ज्याचा जन्म इथला नाही त्याला दुकान चालवायचं असेल, मूल इथल्या शाळेत ठेवायचं असेल, तर कायम रहिवासाची नोंद हवी. त्यासाठी पंधरा वर्षांचं वास्तव्य आणि त्याला ओळखणारे स्थानिक साक्षीदार. मसुद्यात साक्षीदार दोन होते. मी पत्र लिहिलं, ‘दोन साक्षीदार एका चहावर मिळतात. तीन हवेत.’ पुढे कायदा झाला तेव्हा खरंच तीन झाले. ते माझ्यामुळे झाले असं मी कधी म्हणालो नाही, पण कट्ट्यावर कुणी तसं म्हटलं तर नाही असंही म्हणालो नाही.

गेल्या श्रावणात मी दोनशे बारावं पत्र पाठवलं. विषय तोच. बाहेरून येतात, वर्षानुवर्षं राहतात, पण मराठी शिकत नाहीत, गावात मिसळत नाहीत, त्यांचा भरवसा कसा धरायचा. शेवटचं वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं. ‘पत्त्यानं कुणी गावचा होत नाही; पूर आला की जो आपल्या सामानाआधी शेजाऱ्याचं सामान वर चढवतो, तोच गावचा.’

दुसऱ्या दिवशी पेपरातून शाहीन जमादारचा फोन आला. वाचकांच्या पत्रांचं पान ती बघते.

“मगदूमकाका, पत्र मिळालं. पण आता उगम जोडावा लागतो.”

“माझं पत्र मी स्वतः लिहितो. यंत्राकडून लिहून घेत नाही.”

“ते मला माहीत आहे हो. पण रोज हजारभर पत्रं येतात, त्यातली नऊशे यंत्रांनी लिहिलेली. नियम सगळ्यांना एकच.”

उगमबद्दल थोडं सांगायला हवं, कारण वीस वर्षांनी हे कुणाला खरं वाटायचं नाही. माझ्या कानांतली ऐकायची मशीन साध्या भोंग्यासारखी आवाज मोठा करत नाहीत. ती येणाऱ्या आवाजातून बोलणं वेगळं काढतात, त्याची अक्षरं करतात, आणि पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज बांधून तेवढाच उचलून कानात सोडतात. अंदाज सुधारावा म्हणून आधीची सगळी अक्षरं साठवून ठेवतात. अक्षरांना जागा फार लागत नाही. माणसाच्या पंधरा वर्षांच्या कानावर पडलेलं सगळं बोलणं एका सिनेमापेक्षा कमी जागेत मावतं. ज्यांचे कान चांगले आहेत त्यांचंही हल्ली चष्म्यात नाहीतर फोनमध्ये साठतंच. ही साठवण ज्याची त्याच्या मालकीची असा कायदा झाला, आणि मग कुणीतरी उगम काढला. तुम्ही एक मत लिहायचं. उगम ते तुमच्या साठवणीशी ताडून बघतो. शब्द वेगळे असले तरी विचाराची चाल ओळखतो, आणि सांगतो की हे तुम्ही पहिल्यांदा कुठे, कधी, कुणाकडून ऐकलं नाहीतर वाचलं. कुठेच सापडलं नाही तर ते तुमचं.

पहिल्या वर्षी गंमत वाटली. मग टीव्हीवरच्या एका जोरदार निवेदकाच्या घशाला कोरड पडली, कारण आमच्या जिल्ह्यातली निम्मी मतं त्याच्या तीन कार्यक्रमांतून निघालेली दिसली. दोन विरोधी पक्षांच्या पुढाऱ्यांच्या भाषणांचा उगम एकाच कचेरीत सापडला. आमच्या कट्ट्यावर पंधरा दिवस कुणी राजकारणावर बोललं नाही, नुसते गुडघ्यांबद्दल बोलत राहिले.

शाहीनच्या आग्रहाखातर मी पत्र उगमला दिलं. निकाल असा आला. मराठी न शिकण्याचा मुद्दा एका वाहिनीचा. भरवशाचा मुद्दा माझ्या मेहुण्याचा, आणि त्याच्याकडे तो एका फिरत्या संदेशातून आलेला. स्वतःचं म्हणून तीन टक्के, त्यात ‘आपला नम्र’ धरून. आणि शेवटचं वाक्य? त्याच्यापुढे लिहिलं होतं, ‘पुरुष आवाज, सलून, सहा वर्षांपूर्वी.’

इथे मी सापडलो असतो तर गप्प बसलो असतो, पण मी सापडलो नव्हतो. ते वाक्य माझं होतं. २०१९च्या पुरात शेजारच्या खवऱ्यांनी स्वतःचं धान्य भिजत ठेवून आमचं कपाट माडीवर नेलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हा ही मशीनच नव्हती, उगमला ते कुठून कळणार. शिवाय सलूनमध्ये मी कुणाचं काही ऐकणं शक्यच नाही. केस कापताना मी मशीन काढून ठेवतो.

“मग हरकत घ्या की,” शाहीन म्हणाली. “साठवणीतला तेवढा भाग वाचायचा आणि चूक दाखवून द्यायची.”

म्हणून मी सलूनचा भाग उघडला. जेवणाच्या टेबलावर, सकाळी दहा वाजता, त्रिशला समोर घेवडा निवडत असताना.

सलून रामप्रवेश ठाकूरचं. समस्तीपूरचा माणूस. पंधरा वर्षांपूर्वी मी मशीन घेतली, त्याच वर्षी तो इथे आला. दर दुसऱ्या बुधवारी मी त्याच्या खुर्चीत बसतो. तो स्टीलच्या वाटीत रुमालाची घडी घालून ती पुढे धरतो, मी दोन्ही कान काढून तीत ठेवतो. मग तो आरशात काहीबाही बोलत राहतो, मी मान डोलवतो. सगळे न्हावी बोलतात, त्यात काय ऐकायचं. मशीन वाटीत पडल्या पडल्या चालूच राहतात हे मला पंधरा वर्षांत सुचलं नव्हतं.

पहिली नोंद अशी होती.

‘अण्णा, तुमको सुनाई नहीं देता, म्हणून तुमाला बोलतो. हम मराठी सीखता. बाकी लोक हसते. तुमी हसू नका.’

आणि त्याखाली माझा आवाज, ‘व्हय व्हय.’

मी पुढे वाचत गेलो. तिसऱ्या वर्षी, ‘अण्णा, माझा लगीन झाला. बायको गावाला हाय. तिला इथे आणू का नको समजत नाय.’ व्हय व्हय. सातव्या वर्षी, ‘आणली अण्णा तिला. पण लई भांडते. म्हणते, इथल्या पाण्याला चव नाही.’ व्हय. आठव्या वर्षी मुलगी झाली, जूही. नवव्या वर्षी पूर. ‘पाणी दुकानात आलं. मी आधी बाजूच्या म्हातारीची पेटी वर टाकली, मग माझी खुर्ची काढायला गेलो तोवर ती बुडाली. म्हातारी म्हणली, तू गावचाच हायस रं. अण्णा, पत्ता कायबी असू दे, मी आता गावचा झालो, न्हाई का?’

‘व्हय व्हय.’

वर्षं सरत गेली तसं त्याचं मराठी सुधारत गेलं. आधी लिंग सुधारलं, मग विभक्ती, मग आमच्याकडचं हेल काढून बोलणं आलं. माझ्याच कानांवर, दर पंधरा दिवसांनी, एक माणूस मराठी शिकत होता. आणि घरी येऊन, मान ताठ आणि मिशा कोरलेल्या, मी लिहीत होतो की हे लोक मराठी शिकत नाहीत.

“काय वाचालाय एवढं?” त्रिशलानं विचारलं. “डोळ्यांत पाणी आलंय.”

मी तिच्याकडे टॅब सरकवला. तिनं चष्मा लावून वाचलं. माझी पत्रं तिनं कधी एवढ्या मन लावून वाचली नव्हती.

शेवटून तिसरी नोंद दीडेक महिन्यापूर्वीची होती. तिच्याशी येऊन त्रिशला थांबली आणि मोठ्यानं वाचू लागली.

‘अण्णा, नोंदीचं अडलंय. पुढल्या महिन्यात चौदा तारखेला सुनावणी. दोघं मिळाले. म्हातारी आणि चहावाला. तिसरा न्हाई. गिऱ्हाईक लई हायत, पण कायद्याच्या कागदावर सही म्हटलं की मागं सरतात. न्हाई झालं तर दुकान जातंय आणि जूहीची शाळा पण. तिसरं नाव तुमचं घालू काय?’

‘व्हय व्हय.’

‘नको अण्णा. तुमाला ऐकू आलं असतं तर तुमी न्हाई म्हणाला असता. तुमची पत्रं मी वाचतो की. त्यातनंच वाचायला शिकलो. पण तुमी व्हय म्हणालात, मला बरं वाटलं.’

त्रिशलानं टॅब खाली ठेवला. आधीच्या तारखेला काही कागदांसाठी सुनावणी पुढे ढकलली गेली होती, हे तिनं लगेच कचेरीत फोन करून काढलं. नवीन तारीख सोमवारची होती.

“तुमी शब्द दिलाय,” ती म्हणाली.

“मी ऐकलंच नव्हतं.”

“शब्द दिलाय न्हवं?”

मी त्याच दुपारी सलूनमध्ये गेलो. बुधवार नव्हता म्हणून रामप्रवेश जरा चमकला, पण सवयीनं वाटी पुढे केली.

“ऱ्हाऊ दे ती,” मी म्हणालो. “तिसरं नाव माझं घाल.”

त्याच्या हातात वाटी तशीच राहिली. त्यानं वाटीकडे बघितलं आणि त्याला उमगलं. “मशीन चालू असायचं व्हय अण्णा?”

“व्हय.”

“तुमी सगळं वाचलं?”

“सगळं.”

“बायकोचं पण?”

“ते पण.”

तो लाजून इतका लाल झाला की मलाच त्याची दया आली. त्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. मला वाटला होता त्यापेक्षा बारीक होता.

सोमवारी अकरा वाजता सुनावणी. अधिकारी तेजस्विनी वरुटे, चाळिशीच्या, बोलणं मोजकं. माझं नाव वाचून त्यांनी मान वर केली.

“मगदूम, दोनशे अकरा पत्रं. त्यांतली अडुसष्ट बाहेरच्यांविरुद्ध. तीन साक्षीदारांची सूचनाही तुमचीच दिसते. आणि आज तुम्ही तिसरे?”

“व्हय.”

“अर्जदाराबद्दल काय सांगायचं आहे?”

मी सांगितलं. तो मराठी कसा शिकला, पुरात त्यानं म्हातारीची पेटी कशी वाचवली, मुलगी इथल्या शाळेत कशी जाते. घरी दोनदा म्हणून बघितलं होतं, एकदाही अडखळलो नाही. वरुटेबाईंनी ते उगमला दिलं. साक्षीला तो सक्तीचा आहे, पढवलेले साक्षीदार ओळखायला. पडदा त्यांनी माझ्याकडे वळवला. एकूणएक वाक्यापुढे एकच उगम होता, सलून, अर्जदाराचा आवाज.

“हे सगळं तुम्हाला अर्जदारानं सांगितलेलं आहे. अशी साक्ष मला घेता येत नाही.”

“त्यानं मला पढवलं न्हाई बाई. मला ऐकूच येत नव्हतं. मशीन वाटीत असायची.”

“म्हणजे पंधरा वर्षं तुम्ही त्याचं एक अक्षर ऐकलेलं नाही?”

“न्हाई.”

“मग तुम्ही त्याला ओळखता असं कसं म्हणता?”

मी अडकलो. ऐकलं म्हणावं तर पढवलेला ठरतो, नाही ऐकलं म्हणावं तर अनोळखी ठरतो. मागच्या बाकावर रामप्रवेश मांडीवर हात ठेवून बसला होता. शेजारच्या म्हातारीनं त्याचं मनगट धरलं होतं. या तीन साक्षीदारांच्या कायद्याला टाळ्या वाजवणारा मी, आणि आता त्याचं दुकान आणि त्याच्या मुलीची शाळा माझ्याच बोलण्यानं जाणार होती.

“एक करा,” वरुटेबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ नव्हता, पण त्यांनी फाइल मिटली नाही, याबद्दल मी त्यांचा जन्मभर आभारी राहीन. “मशीननं ऐकलेलं सोडून द्या. तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे ते सांगा.”

मी काही पाठ केलेलं नव्हतं. सुचेल तसं बोललो.

“बाई, मला ऐकू येत नव्हतं, पण मान माझी त्याच्या हातात होती. तो ओल्या वाटीत माझे कान कधी ठेवत नाही, खाली रुमाल घालतो. उजव्या कानामागं मला जुनी जखम आहे, तिथं तो कात्री उलटी धरतो, मी न सांगता. माझा खुबा मोडला तेव्हा चार महिने घरी येऊन दाढी करून गेला, वाटी बरोबर घेऊन. आणि दर दुसऱ्या बुधवारी तो माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवतो तेव्हा मी डोळे मिटून घेतो. पंधरा वर्षं डोळे मिटून बसलोय. घरी जाऊन पेपरात लिहीत होतो की यांचा भरवसा धरता येत न्हाई, आणि माझा गळा मात्र भरवसा धरून बसला होता. गळ्याचं खरं होतं, पत्रांचं खोटं. एवढंच मला माहीत आहे.”

वरुटेबाईंनी ते उगमला दिलं. शोधाचं चाक बराच वेळ फिरत राहिलं. मग पडद्यावर अक्षरं आली, ‘उगम सापडला नाही. शंभर टक्के स्वतःचे.’

त्यांनी पडदा पुन्हा माझ्याकडे वळवला, बहुधा मला बघायला मिळावं म्हणून. मग कागदावर सही केली आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर जिन्यात रामप्रवेश माझ्या पायाशी वाकायला लागला. मी त्याला धरून उभं केलं. मागून म्हातारी म्हणाली, “चला की रं, ऊन लागालंय.”

दोनशे बारावं पत्र मी मागे घेतलं. शाहीनला म्हणालो, शेवटचं वाक्य तेवढं ठेव, आणि खाली दोन नावं घाल, कारण उगमची तशी फारशी चूक नव्हती. आम्ही दोघंही ते वेगवेगळ्या पुरांतून शिकलो होतो. तिनं त्या दोन ओळी चौकटीत छापल्या, ‘भूपाल मगदूम आणि रामप्रवेश ठाकूर, इचलकरंजी’ म्हणून. त्रिशलानं कात्रण चिकटवलं, आणि या वेळी आधी वाचलं.

पुढच्या बुधवारी मी खुर्चीत बसलो आणि मशीन कानांतच ठेवली. कात्री कानाजवळ आली की कर्कश आवाज व्हायचा, तो मी सोसला. पण रामप्रवेश गप्प. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चकार शब्द नाही.

“बोल की,” मी म्हणालो.

“तुमाला ऐकू येतंय म्हटल्यावर काय बोलू अण्णा? सुचंना झालंय.”

मी हसलो. मग स्वतःच मशीन काढली आणि वाटीत ठेवली. आरशात त्याचे ओठ हलायला लागले. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मी मान डोलवली नाही, व्हय म्हणालो नाही. त्याचं बोलणं संपेपर्यंत आरशातून त्याच्याकडे बघत राहिलो.

घरी येऊन टेबलाशी बसलो आणि नोंद उघडली.

‘अण्णा, तोंडावर आभार मानायला लाज वाटते, म्हणून हितं सांगतो. तुमी त्या दिवशी गळ्याचं बोललात, ते मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती रडली. म्हणाली, पाण्याला आता चव आली. एक विचारू? जूही शाळेत मराठीत पहिली आली. तिला पेपरातली ती चौकट तुमच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवायची हाय. तिला घेऊन तुमच्या घरी येऊ काय?’

त्याखालची जागा रिकामी होती. मी त्या वेळी काहीच बोललो नव्हतो.

“व्हय,” मी म्हणालो.

त्रिशला स्वयंपाकघरातून डोकावली. “कुणाला म्हणालाय? मी तर काय विचारलं न्हाई.”